वाणाचं रोप

गावात कोणाचा हात कशाला चांगला, याची एक वाटणी ठरलेली असते. ती कोणी लिहून ठेवलेली नसते, म्हणूनच कोणाला खोडता येत नाही. आंजी आणि सेलूच्या मधल्या त्या गावात रूपरावांचा हात निखळलेलं मनगट बसवायला चांगला, कमलाबाई पाटलिणीचा हात पुरणाला चांगला आणि वासुदेवराव माळ्याच्या रुख्माबाईचा हात रोपाला चांगला, असं सगळे धरून चालत. वांग्याचं रोप कोणीही करतं. मिरचीचंही जमतं. पण भेदऱ्याचं रोप, म्हणजे शहरातले लोक ज्याला टमाटा म्हणतात त्याचं रोप, हे लाडानं मरतं. पाणी जास्त झालं की मान टाकतं, सावली जास्त झाली की लांबुळकं होऊन आडवं पडतं. ते साधलं ते फक्त रुख्माबाईला, असा गावाचा निर्वाळा होता.

या हातावर रुख्माबाईनं पुष्कळ कमावलं होतं. पैसा नव्हे, पैसा वासुदेवरावांच्या बाडीतून, म्हणजे भाजीच्या मळ्यातून, यायचा आणि तिथंच जिरायचा. तिची कमाई वेगळी होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाया एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात, वाण लुटतात. कोणी बांगड्या लुटायचं, कोणी कुंकवाच्या डब्या. रुख्माबाई भेदऱ्याची रोपं लुटायची. प्रत्येक सवाष्णीच्या ओटीत पळसाच्या पानात बांधलेली रोपांची जुडी. माघात ती गावभर अंगणाअंगणांत लागायची आणि उन्हं तापली की घरोघर पाटा वाजायचा. ज्या घरी भेदऱ्याची चटणी वाटली जाई, त्या घरावर रुख्माबाईचं थोडंसं देणं चढे. मग लग्नात तिला सतरंजीवर पाटलिणीच्या शेजारी जागा मिळे, पंगतीत तिच्या पानावर तूप वाढणारीचा हात जरा जड होई, आणि अडीअडचणीला कोणाचीही बैलगाडी 'नाई' म्हणत नसे. रुख्माबाई हे सगळं न बोलता वसूल करी. न बोलता वसूल केलेलं फार दिवस टिकतं.

या सगळ्या हिशेबात एकच गोम होती. तो हात रुख्माबाईचा नव्हता, पंचफुलाचा होता.

पंचफुला नाल्यापलीकडची. 'नाल्यापलीकडची' म्हटलं की गावात पुढचं काही सांगावं लागत नसे. तिची सासू रुख्माबाईच्या सासूकडे बाडीतलं काम करायची, म्हणून पंचफुलाही करायची. दिवाळी सरली की वासुदेवरावांच्या बाडीत विहिरीजवळचा वाफा उकरायचा, त्यात जुनं, चाळलेलं शेणखत घालायचं, मुंग्या येऊ नयेत म्हणून कडेनं राख टाकायची. मागच्या उन्हाळ्यात पिकली भेदरं गोवरीवर चोळून त्या गोवऱ्या गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर थापून ठेवलेल्या असायच्या. त्यांचं बी खरवडून रेघांत पेरायचं. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, मांडव. रोप चार पानांचं झालं की मांडवातल्या पऱ्हाट्या रोज थोड्या थोड्या काढायच्या, पाणी तोडत आणायचं, म्हणजे रोपाची काडी टणक होते. हे सगळं पंचफुला करायची. रुख्माबाई शेजारी खाटेवर बसून सुपारी कातरायची आणि गावातल्या कोणत्या बाईनं कोणाला काय म्हटलं ते सांगायची. वाफ्यावर हजर तर ती होतीच. गावानं हजेरीलाच हात समजून घेतलं.

पाण्याची वेळ आली की मात्र रुख्माबाईला उठावं लागे. विहिरीतून पाणी ती काढायची आणि पंचफुलाच्या टिनाच्या डब्यात उंचावरून ओतायची. वाफ्याला पंचफुलाचा विटाळ नव्हता, रोपाला नव्हता, त्या रोपाला लागणाऱ्या भेदऱ्याला तर नव्हताच. विहिरीला होता. विटाळ कशाला लागतो आणि कशाला लागत नाही, हे गावानं आपल्या सोयीनं फार विचार करून ठरवलं होतं.

मग छप्पन सालचा दसरा आला. नाल्यापलीकडची माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली, कोणी रेल्वेनं, कोणी पायी. परत आली ती देव सोडून. घरातले टाक, तसबिरी नाल्यात गेल्या आणि भिंतीवर बुद्धाचं चित्र लागलं. गावात थोडे दिवस कुजबुज झाली. "देव बदलला म्हणजे काय पोट बदलते का?" असं पाटील म्हणाले आणि चावडीवरची माणसं हसली. दिवाळी सरली. रुख्माबाईनं सुपारी आणि अडकित्ता घेतला, खाट विहिरीजवळ ओढली आणि पंचफुलाची वाट पाहिली.

पंचफुला आली. पण वाफ्यात बसली नाही. विहिरीच्या काठाशी उभी राहिली.

"येईन जी मी कामाले," ती म्हणाली, "पण आता पाणी मी माह्या हातानं काढीन."

रुख्माबाईचा अडकित्ता थांबला. "काऊन? माह्या हाताले काय झालं?"

"तुमच्या हाताले काई नाई झालं. माह्या हाताले बी काई नाई झालं. म्हणून म्हणतो."

"धरम बदलला म्हणून काय विहीर बदलली व?"

"विहीर नाई बदलली. मी बदलली."

रुख्माबाई हसली. वेळ काढायची असली की ती हसायची. पण पंचफुला हसली नाही, तेव्हा तिला राग आला. रागात माणूस खरं बोलतं असं म्हणतात. रुख्माबाई रागात महागात पडणारं बोलायची. ती म्हणाली, "जाय मंग. बी पेरता मले बी येते. आन् तुह्या हातच्या त्या गोवऱ्या गोठ्यावर नको, घेऊन जाय. चुलीत घालजो."

पंचफुलानं गोठ्याच्या भिंतीवरच्या अर्ध्या गोवऱ्या काढल्या, अर्ध्या राहू दिल्या. "बी तुमच्या बाडीचं, मेहनत माही," ती म्हणाली. "अर्धं अर्धं." आणि गोवऱ्या पदरात घेऊन नाल्याकडे चालू लागली. ती पहिल्यांदाच मालकीनबाई न म्हणता गेली. रुख्माबाईच्या ते रात्री जेवताना लक्षात आलं आणि घास जरा जास्त चावला गेला.

'बी पेरता मले बी येते' असं म्हणणं सोपं असतं. रुख्माबाईनं वाफा केला. खत घातलं, पण ताजं घातलं. बी पेरलं, पण कमी पडू नये म्हणून मुठीनं फेकलं. उगवलं मात्र असं दाट, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. रुख्माबाई सकाळी पाणी देई, संध्याकाळी देई, आणि दुपारी रोप कोमेजल्यासारखं वाटलं तर दुपारीही देई. मांडव घट्ट ठेवला, ऊन लागू दिलं नाही. अशा कौतुकाच्या दिवसांत कमलाबाई पाटलीण सहज म्हणून बाडीत आली. सहज म्हणजे, यंदा पंचफुला नाही हे तिला कळलं होतं.

"अवो रुख्माबाई, औंदा एकट्याच? वाणाचं जमंन ना?"

"न जमाले काय झालं? पाहा ना, कसं दाट आलं! औंदा प्रत्येकीले दोन दोन जुड्या देतो. तुमाले तीन."

"तीन?" पाटलीण म्हणाली. "मंग येतोच मी. माह्या नणंदेले बी आणतो हिंगणघाटवरून. तिले म्हणतो, पाह्य आमच्या गावचा हात."

पाटलीण गेली आणि तिनं ते गावभर सांगितलं. पाटलीण स्तुती अशीच करायची. उंच टांगून ठेवायची, म्हणजे पडताना सगळ्यांना दिसावं.

दोन दिवसांनी वाफ्याच्या कोपऱ्यात ओंजळभर रोपांनी मान टाकली. मातीला टेकलेल्या जागी काडी काळी पडून सुतासारखी बारीक झालेली. रुख्माबाईला वाटलं, पाणी कमी पडलं. तिनं आणखी दिलं. मग हा मर रोग वाफाभर पसरला. संक्रांतीच्या अलीकडे तिनं उरलेलं बी पुन्हा पेरलं, तेही तसंच गेलं. वासुदेवराव वाफ्याशी उभे राहून म्हणाले, "काय व, यावर्षी रोपाले काय झालं?" ती म्हणाली, "नजर लागली." त्यांनी मान डोलावली. बायकोच्या हाताचं नाव त्यांच्याही पागोट्यात खोवलेलं होतं.

तिळगूळ वाटून झाला. गावात रोज एका घरी हळदीकुंकू होत होतं. रुख्माबाईनं आपलं रथसप्तमीवर ढकललं, पण रथसप्तमीच्या पलीकडे ढकलायला पंचांगात जागा नव्हती. प्रत्येक घरी कोणी ना कोणी विचारी, "तुमचं कवा वो? मी तं अंगणात आळे करून ठेवले." बाया बारा महिने सुस्त असल्या तरी फुकट मिळणाऱ्या रोपासाठी आळी वेळेवर करतात.

शेवटी एक दिवस भर दुपारी, पुरुष शेतात आणि म्हाताऱ्या झोपेत असताना, रुख्माबाई नाल्याच्या पलीकडे गेली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. नाल्यात पाणी घोट्याइतकंच होतं, तरी तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं होतं.

पंचफुलाचा वाफा नाल्याच्या काठालाच होता. तिच्या नवऱ्याच्या, कवडूच्या, वाट्याला आलेली पांढरट जमिनीची पट्टी. तीत निम्मी रोपं लावूनही झाली होती आणि निम्मी वाफ्यात उभी होती. ठेंगणी, जाड काडीची, गर्द हिरवी. वर मांडव नव्हता. वाफ्याची माती भेगाळेल इतकी कोरडी ठेवलेली आणि त्यात ती रोपं ताठ, जशी काही त्यांना कोणाचंच काही नको होतं. आपल्या घरचं सोनं दुसरीच्या गळ्यात ओळखू यावं, तसं तिला ते रोप ओळखू आलं.

"बसा," पंचफुला म्हणाली. "खाट आहे."

"नाई, उभीच बरी."

"पाणी देऊ?"

"आताच पिऊन आली."

"हो. इकडं सगळे पिऊनच येतात," पंचफुला म्हणाली आणि खुरपं बाजूला ठेवलं.

रुख्माबाईनं इकडचं तिकडचं विचारलं. कवडूचा खोकला, नाल्याचं पाणी, थंडी. मग म्हणाली, "रोप चांगलं आलं व तुह्यं."

"दिसते मले."

"माह्यं औंदा..." रुख्माबाई थांबली. "नजर लागली माह्या वाफ्याले."

"पाणी लागलं असंन."

पंचफुला मागणं ऐकायची वाट बघत होती आणि तिला घाई नव्हती. रुख्माबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"वाणापुरतं दे ना, पंचफुला."

"आता मांगितलं," पंचफुला म्हणाली. "देतो. पैसा नको, दाणा नको, उरलेली भाजी नको. एकच करजा. वाण लुटताना बायांले सांगजा, हे रोप पंचफुलाच्या वाफ्यातलं."

"बस?"

"बस. इतके साल तुमच्या नावानं खाल्लं लोकायनं. एक साल माह्या नावानं खाऊ द्या."

रुख्माबाईला ते फार स्वस्त वाटलं. जे आपण देणारच नसतो, ते स्वस्तच वाटतं. ती म्हणाली, "सांगीन. त्यात काय मोठं?"

"शब्द?"

"शब्द."

पंचफुलानं वाफा ओला केला, घटकाभर थांबली, मग खुरप्यानं खालून मातीसकट रोपं उचलली. जुड्या बांधून पळसाच्या पानांत ठेवल्या आणि वेताच्या टोपल्यात लावून दिल्या. "मुळाची माती झाडू नका," ती म्हणाली. "तिच्यातच त्याचा जीव आहे. सावलीत ठेवजा, वरून नुसता पाण्याचा हात मारजा. रथसप्तमीपर्यंत काई होत नाई."

"माहीत आहे मले," रुख्माबाई म्हणाली. टोपलं डोक्यावर घेतल्याबरोबर तिचा आवाज परत आला होता.

घरी ओसरीवर सासू बसलेली, जिला रुख्माबाई मामी म्हणायची. बायजाबाईंचे डोळे गेले होते, पण डोळ्यांचं काम नाकानं आणि बोटांनी उचललं होतं. त्यांनी टोपल्यात हात घातला आणि मुळाशी लागलेली माती चिमटीत चोळली.

"कोठून आणलं सूनबाई?"

"आंजीवरून, मामी. तिथल्या बाडीतून."

"आंजीची माती काळी, चिकट. हे तं नाल्याकाठची पांढरट, खारी चोपण आहे." म्हातारीनं चिमूट झटकली आणि बोटं लुगड्याला पुसली. "तिकडून आणलं ना? मेले का आपल्या गावचे देव? सवाष्णी ओटीत घेतीन, कुंकू लावीन, कोणी तुळशीजवळ ठेवीन. ते पाप कोणाच्या माथी?"

"गोमूत्र शिपडतो ना वरून."

"पानावर शिपडून काय होते? माती मुळाले आहे."

रुख्माबाई उभी राहिली. माती झाडू नका, हे तिच्या कानात अजून ताजं होतं. पण ते सांगणारी नाल्यापलीकडे होती आणि विचारणारी ओसरीवर. शिवाय तिला आठवलं की गोमूत्र झाडाला चांगलंच असतं; पंचफुला स्वतःच वाफ्याला घालायची. पंचफुला ओंजळभर गोमूत्राला डबाभर पाणी घालायची, हे मात्र तिला आठवलं नाही. तो डबा रुख्माबाईनंच उंचावरून भरून दिलेला असे. पण पाणी कशाला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तेव्हा ती पाटलिणीची गोष्ट सांगत असायची.

तिनं अंगणात बसून एकेक जुडी सोडली. मुळं घंगाळात धुतली, एकेक केसासारखी पांढरी होईस्तोवर. नाल्याकाठची माती उकिरड्यावर टाकली आणि ते पाणीही तिकडेच ओतलं. मग पितळेच्या परातीत गोमूत्र घेऊन सगळी रोपं मुळांनी त्यात उभी केली आणि परातीवर सूप झाकलं. रात्रभर. सकाळी म्हातारीनं बोटांनी चाचपलं, हुंगलं आणि म्हणाली, "आता आपलं झालं." रुख्माबाईनं आपल्या बाडीची काळी माती मुळांना लावली, नवीन पळसाची पानं घेतली आणि जुड्या बांधल्या. रोपं ताठ होती. प्यायलेलं माणूसही थोडा वेळ ताठच चालतं.

रथसप्तमीला ओसरी भरली. पाटलीण नणंदेला घेऊन आली आणि पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, "हे पाह्य व, म्हटलं होतं ना? हात!" बाया एकेक करून कुंकू लावून घेत होत्या, ओटीत जुडी घेत होत्या, रोपाची जाड काडी बोटानं दाबून बघत होत्या. "कसं ठेंगणं, कसं टणक! औंदा तं मागल्यापेक्षा सरस." रुख्माबाईच्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं. खरंच आलं होतं. हे पंचफुलाच्या... पण समोर नणंदेचे दोन हात ओटीसाठी पुढे झालेले आणि ती विचारत होती, "करता कसं वो तुमी?" रुख्माबाई म्हणाली, "काई नाई बाई. जीव लावला की येते." आणि पुढची जुडी उचलली.

नाव नंतरही सांगता येईल, असं तिनं स्वतःला समजावलं. रोप लागलं, फळ धरलं की सांगू. उधारीवर ठेवलेल्या शब्दाला व्याज लागतं, हे तिला माहीत असायला हवं होतं; दुसऱ्यांच्या बाबतीत तिला ते पक्कं माहीत होतं.

चौथ्या दिवसापासून पानांच्या कडा जळाल्या. मग काड्या पिवळ्या पडल्या. गावभर प्रत्येक अंगणात, प्रत्येक आळ्यात, एकाच वेळी. जशी काही सगळ्यांना एकाच घरून चिठ्ठी आली होती. पाटलीण आली ती मेलेलं रोप पळसाच्या पानात ठेवूनच. सोबत आणखी दोघी. बसायला सांगायच्या आत बसल्या.

"काय वो रुख्माबाई, हात उतरला का तुमचा?" पाटलीण म्हणाली. आवाजात काळजी होती, पण डोळे जेवायला बसल्यासारखे. "माही नणंद म्हणते, तुमच्या गावचा हात तं चार दिवसाचा निघाला."

रुख्माबाईनं त्या वाळक्या रोपाकडे बघितलं. त्याच्याबरोबर काय काय वाळत होतं ते तिला एकदम दिसलं: सतरंजीवरची जागा, पानावरचं तूप, बैलगाडी. आणि ते सगळं वाचवायला तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती तिनं जपून ठेवली होती, नाही का?

"ते माह्या वाफ्यातलं नोतं," ती म्हणाली.

"मंग?"

"पंचफुलाच्या वाफ्यातलं."

पाटलिणीनं पान हातातून खाली टाकलं आणि बोटं झटकली. "अवो बाई! त्यांच्या हातचं वाण देलं तुमी आमच्या ओटीत?"

"तसं कसं देईन?" रुख्माबाई घाईनं म्हणाली. "माती धुऊन काढली सगळी. रातभर गोमूत्रात उभं ठेवलं. मामीले विचारा. पुरं शुद्ध करून देलं."

ते शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःला ऐकू आले. रातभर. नुसतं गोमूत्र. माती धुऊन. डबाभर पाणी, उंचावरून. ज्याअर्थी आपल्याला कळलं त्याअर्थी यांनाही कळलं असणार, असं वाटून तिनं बायांच्या तोंडाकडे पाहिलं.

पाटलिणीनं सुस्कारा सोडला. "रातभर गोमूत्रात ठेवलं, आन् तरी मेलं!" ती म्हणाली. "म्हणजे पाहा, किती वाईट हातचं असंन!"

"मुद्दामच देलं," दुसरी म्हणाली.

"विहिरीवरून भांडली होती ना? त्याचा सूड."

तिघी रुख्माबाईकडे वळल्या. आता तिनं काही म्हणायचं होतं. रुख्माबाईनं सुपारीचा डबा पुढे सरकवला. "भोळी आहो मी बाई," ती म्हणाली. "विश्वास ठेवला." पाटलिणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सुपारी घेतली.

त्यानंतर गावानं पंचफुलाला काही केलं नाही. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त त्या आठवड्यात गावची गुरं पाण्यावर न्यायची वाट बदलली. आजवर ती पुलाकडून उतरायची, आता नाल्याच्या काठाकाठानं जाऊ लागली. कोणाच्या बैलाचा पाय चुकला, ते बैलालाच ठाऊक. वाफा सपाट झाला. लावलेल्या पट्टीतल्या अलीकडच्या ओळी गेल्या, टोकाच्या तेवढ्या वाचल्या.

रुख्माबाई धुणं घेऊन नाल्यावर गेली, तेव्हा पंचफुला पलीकडच्या काठावर मोडलेल्या काड्या वेचत होती. रुख्माबाईनं खाली बघितलं. पंचफुला मात्र हाक मारून बोलली, आणि तेही शांतपणे.

"रुख्माबाई, तुमी सांगितलं म्हणते माह्यं नाव."

रुख्माबाई लुगडं दगडावर आपटत राहिली.

"राखला बाई तुमी शब्द. मले वाटलं होतं, विसरान."

लुगडं आपटायचं थांबलं. पंचफुलानं काड्यांचा भारा बांधला. "त्याईतलं एक मेलेलं रोप पाहिलं मी, वाहून आलं होतं नाल्यात. मूळ भांड्यावानी घासलेलं होतं त्याचं." तिनं काही विचारलं नाही आणि उत्तराची वाटही बघितली नाही. भारा डोक्यावर घेऊन ती आपल्या घराकडे गेली.

उन्हाळा आला. त्या वर्षी गावात भेदरं नव्हती. ज्यांना चटणीशिवाय भाकर उतरत नव्हती, ते सेलूच्या बाजारातून आणत. वासुदेवरावही एका बाजाराच्या दिवशी धोतराच्या सोग्यात भेदरं बांधून घेऊन आले. लाल, चपटी, देठाशी घड्या पडलेली.

"पाह्य, किती सरस माल," ते म्हणाले. "कवडूसारखा एक जण विकत होता. तोच असंन. गर्दी होती, मी काई बोललो नाई, त्यानं बी ओळख देली नाई. गावातले पुष्कळ जण घेत होते."

रुख्माबाईनं एक भेदरं हातात घेतलं. त्या घड्या तिनं डोळे मिटून ओळखल्या असत्या. गोठ्याच्या भिंतीवर किती उन्हाळे त्यांचं बी चोळलेलं तिनं खाटेवरून बघितलं होतं. तिनं चटणी वाटली. म्हातारीनं बोट चाटलं आणि म्हणाली, "आपल्या बाडीची चव आहे, सूनबाई. अशी पलीकडं कोठं मिळते?" रुख्माबाईनं स्वतःच्या भाकरीवर चटणी घेतली नाही. पोट बरं नाही म्हणाली. दोन भेदरं तिनं बाजूला ठेवली, पिकू दिली आणि गोवरीवर चोळून ती गोवरी गोठ्याच्या भिंतीवर लावली.

पुढच्या दिवाळीनंतर तिनं ती काढली. बी खरवडलं, वाफ्याशी बसली. खाटेवर नाही, मातीत. रेघ किती खोल ओढायची ते बोटाला कळेना. बोट एक पेर गेलं, अर्धं पेर वर आलं, पुन्हा खाली गेलं. विहिरीवर दोर लोंबत होता आणि पाणी ओतायला कोणी नव्हतं, ओतून घ्यायलाही नव्हतं. थोड्या वेळानं ती उठली. ते बी तिनं कोंबड्यांपुढे टाकलं.

त्या संक्रांतीला तिनं वर्ध्याहून लाकडी फण्या आणवल्या. हळदीकुंकवाला बाया आल्या, पूर्वीइतक्या नाही. रोपाचं कोणी विचारलं नाही. ते न विचारणं तिला ऐकू येत होतं. कमलाबाई पाटलिणीनं कुंकू लावून घेतलं, फणी उजेडाकडे धरली, दात्यांवरून नख फिरवलं.

"हे बरं केलं रुख्माबाई," ती म्हणाली आणि फणी ओटीत टाकली. "हे मरत तं नाई."